क्लाऊड आला, सर्व्हर रूम गेली. जबाबदारी मात्र आपल्याकडेच

बारावीनंतर बीसीए, बीएस्सी आयटी किंवा हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करणारी मुलं-मुली आज जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांचे पालक भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात, "आता सगळं क्लाऊडवर चाललंय म्हणे. मग सर्व्हर सांभाळणाऱ्याची नोकरी उरणार का?" प्रश्न रोजीरोटीचा आहे, म्हणून उत्तर नीट समजून घ्यायला हवं. थोडक्यात सांगायचं तर क्लाऊडमुळे यंत्र आपल्या ऑफिसातून निघून जातं, पण ते यंत्र ज्या सेवेसाठी होतं, त्या सेवेची जबाबदारी जात नाही. काम शिल्लक राहतं, फक्त त्याचं रूप बदलतं. कोणतं काम कसं बदलतं, ते एकेक करून पाहू.

आयटी सेवा-व्यवस्थापन म्हणजे काय?

बँक असो, दवाखाना असो की कॉलेज, संगणक विकत घेतले म्हणजे काम संपत नाही. बंद पडल्यावर तक्रार कोणाकडे करायची? दुरुस्ती किती वेळात व्हावी? नवीन सॉफ्टवेअर टाकायची परवानगी कोण देणार? कोणतं मशीन कुठे आहे, त्याची नोंद कोण ठेवणार? बॅकअप कोण घेणार? या सगळ्या कामांची ठरलेली पद्धत म्हणजे आयटी सर्व्हिस मॅनेजमेंट, मराठीत आयटी सेवा-व्यवस्थापन.

या पद्धतींचा जगात सर्वाधिक वापरला जाणारा संच म्हणजे आयटिल. तो १९८० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश सरकारच्या संगणक विभागाने तयार केला. सरकारी कार्यालयांत संगणकावर खर्च वाढत होता, पण काम एका शिस्तीत होत नव्हतं, म्हणून ही पुस्तकं लिहिली गेली. पुढे खासगी कंपन्यांनीही तीच पद्धत उचलली. २००५ मध्ये याच विषयावर आयएसओ २०००० हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. आयटिलची चौथी आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि तिच्यात ३४ कार्यपद्धती आहेत. मधल्या काळात क्लाऊडने कामाची रीतच बदलली होती, त्याची दखल या आवृत्तीत स्पष्ट दिसते.

क्लाऊड म्हणजे नेमकं काय?

वलीम्यासाठी मोठ्या देगा कोणी विकत घेत नाही. डेकोरेटरकडून दोन दिवसांसाठी आणतो, जेवढ्या आणल्या तेवढ्याचं भाडं देतो, काम झालं की परत करतो. क्लाऊडचं तत्त्व हेच. सर्व्हर, साठवणुकीची जागा आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये असतं. आपण इंटरनेटवरून हवं तेवढं घेतो आणि वापराप्रमाणे पैसे देतो.

अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०११ मध्ये क्लाऊडची व्याख्या केली, ती आजही प्रमाण मानली जाते. तिच्यात पाच खुणा सांगितल्या आहेत: ग्राहकाला स्वतःच सेवा घेता येणं, नेटवर्कवरून कुठूनही वापरता येणं, एकच साधनसामग्री अनेक ग्राहकांत वाटली जाणं, गरजेप्रमाणे लगेच कमी-जास्त करता येणं आणि वापराचं मोजमाप होणं.

ॲमेझॉनने अशी सेवा २००६ मध्ये सुरू केली. भारतात मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथून, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईतून क्लाऊड सेवा द्यायला सुरुवात केली. म्हणजे ज्याला आपण आकाशातला ढग समजतो, त्यातला काही भाग प्रत्यक्षात पुण्या-मुंबईच्या इमारतींत आहे.

१. बिघाड आणि तक्रार

पूर्वी सर्व्हर बंद पडला की इंजिनिअर सर्व्हर रूममध्ये जायचा. लाल दिवा दिसला, केबल तपासली, हार्ड डिस्क बदलली, काम झालं. क्लाऊडमध्ये मशीनला हात लावताच येत नाही. त्यामुळे पहिला प्रश्न बदलतो. "काय बिघडलं?" याच्या आधी "बिघाड आपल्याकडे आहे की पुरवठादाराकडे?" हे ठरवावं लागतं. पुरवठादाराकडे असेल, तर पर्यायी सोय चालू करणं आणि लोकांना खरी माहिती देत राहणं, एवढंच आपल्या हातात उरतं.

२८ फेब्रुवारी २०१७ चं उदाहरण बघा. ॲमेझॉनच्या एस-३ या साठवणूक सेवेतला एक कर्मचारी बिलिंगच्या यंत्रणेतला दोष शोधत होता. काही थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा त्याने दिली. ती देण्याचा अधिकार त्याला होता, पण आज्ञेतला एक भाग चुकीचा टाइप झाला आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रातली सेवा चार तासांहून जास्त विस्कळीत झाली. असंख्य वेबसाइट आणि ॲप त्यावर उभे होते, ते सगळे अडकले. गंमत अशी, की ॲमेझॉनचं सेवा सुरू आहे की बंद, हे दाखवणारं पानच या सेवेवर अवलंबून होतं. त्यामुळे सुरुवातीला त्या पानावर बिघाड नोंदवताच आला नाही.

यातून दोन धडे मिळाले. आपली देखरेख आपण स्वतःच ठेवायची, केवळ पुरवठादाराच्या पानावर विसंबायचं नाही. आणि बिघाड कळवण्याचं साधन त्या सेवेच्या बाहेर ठेवायचं. ज्या सर्व्हरवर काम चालतं, त्यावरच तक्रार नोंदवायची सोय असेल, तर सर्व्हर पडल्यावर तक्रार करायची कुठे?

भारतात याला कायद्याचीही जोड आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यानुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. क्लाऊड वापरतो म्हणून यातून सुटका नाही.

२. बदलाची परवानगी

जुन्या पद्धतीत कोणताही मोठा बदल करायचा असेल तर अर्ज भरायचा, आठवड्याच्या बैठकीत मांडायचा, मंजुरी घ्यायची आणि शनिवारी रात्री तो करायचा. या समितीला चेंज ॲडव्हायजरी बोर्ड म्हणतात. सर्व्हर यायलाच जिथे महिना लागायचा, तिथे आठवडाभराची मंजुरी कोणाला जड वाटत नव्हती.

क्लाऊडमध्ये नवा सर्व्हर काही मिनिटांत उभा राहतो. आपल्या प्रणालीत सरासरी दर ११.६ सेकंदांनी एक बदल होतो, असं ॲमेझॉनने २०११ मध्येच सांगितलं होतं. अशा वेगात आठवड्याची बैठक चालणार कशी? म्हणून तपासणी बैठकीतून यंत्राकडे गेली. सर्व्हरची रचना आता कोडच्या रूपात लिहिली जाते, सहकारी ते कोड वाचून मान्य करतो, चाचण्या आपोआप होतात, बदल आधी थोड्या वापरकर्त्यांवर सोडला जातो आणि गडबड दिसली की मागे घेतला जातो. वारंवार होणारे, कमी धोक्याचे बदल आधीच मंजूर धरले जातात. समिती फक्त मोठ्या, धोक्याच्या बदलांसाठी उरते. आयटिलच्या चौथ्या आवृत्तीत या कामाला आता 'चेंज एनेबलमेंट' म्हणतात, म्हणजे बदल सुरळीत होऊ देणं.

पण परवानगी सैल झाली म्हणून शिस्त सैल करून चालत नाही. वर सांगितलेल्या २०१७ च्या घटनेनंतर ॲमेझॉनने आपल्या साधनातच दुरुस्ती केली. सर्व्हर आता हळूहळूच काढता येतात आणि किमान मर्यादेखाली जाता येत नाही. माणसाला दोष देण्यापेक्षा, तीच चूक पुन्हा होऊच शकणार नाही अशी सोय केली. नव्या पद्धतीचा गाभा हाच आहे.

दुसरी अडचण म्हणजे काही बदल आपल्याला न विचारताच येतात. सॉफ्टवेअर सेवा पुरवणारी कंपनी तिच्या वेळेप्रमाणे अपडेट पाठवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राऊडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हे काही क्लाऊड केंद्र बंद पडल्याचं उदाहरण नाही, पण दूरवरून येणारा बदल आपल्या मंजुरीच्या वहीत नसतो, हे त्यातून कळतं. कोणते अपडेट आपोआप येऊ द्यायचे आणि कोणते आधी दोन-चार मशीनवर तपासायचे, हे ठरवणं आता आयटी विभागाचं काम आहे.

३. क्षमतेचं नियोजन

दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. पंधरा-सोळा लाख मुलांचा निकाल एकाच दुपारी लागतो आणि घराघरातून एकाच वेळी बटण दाबलं जातं. अशा एका दुपारसाठी मोठे सर्व्हर विकत घेतले, तर बाकी वर्षभर ते रिकामे बसणार. छोटे घेतले, तर निकालाच्या दिवशीच वेबसाइट मान टाकणार.

पूर्वी क्षमतेचं नियोजन म्हणजे पुढच्या तीन-पाच वर्षांचा अंदाज बांधून खरेदी करणं. क्लाऊडमध्ये गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतात, ओसरली की कमी होतात. पण ही वाढ कोणत्या आकड्यावर सुरू व्हावी, जास्तीत जास्त किती सर्व्हर असावेत, हे माणसालाच ठरवावं लागतं. शिवाय पुरवठादाराने प्रत्येक खात्यावर मर्यादा घातलेली असते. ती आधी अर्ज करून वाढवून घेतली नाही, तर ऐन गर्दीत नवीन सर्व्हर मिळत नाही. अंदाज बांधायचं काम संपलेलं नाही, ते खरेदीपासून मर्यादेकडे सरकलं आहे.

४. मालमत्तेची नोंद

शाळा-कॉलेजात डेड स्टॉक रजिस्टर असतं. संगणक आला की नंबर टाकायचा, स्टिकर लावायचं, वर्षातून एकदा मोजणी करायची. आयटी विभागाचं नोंदपुस्तकही असंच होतं. क्लाऊडमध्ये एखादा सर्व्हर सकाळी जन्मतो आणि संध्याकाळी संपतो. त्याची हाताने नोंद करणं शक्य नाही.

म्हणून प्रत्येक साधनाला टॅग लावण्याची पद्धत आली. हे कोणत्या विभागाचं, कोणत्या कामासाठी, कोणाच्या जबाबदारीवर, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि यादी यंत्रणा स्वतः तयार करते. टॅग नसलेलं साधन म्हणजे बेवारस सामान. ते कोणी बंद करत नाही, बिल मात्र चढत राहतं आणि त्यातली माहिती उघड्यावर पडण्याचा धोकाही असतो.

५. पैशाचा हिशेब

पूर्वी सर्व्हरची खरेदी एकदाच व्हायची. कोटेशन, मंजुरी, चेक, संपलं. क्लाऊडमध्ये इंजिनिअरने एक बटण दाबलं की खर्च सुरू होतो. मंजुरी देणाऱ्याला महिनाअखेरीस बिल आल्यावर कळतं. त्यामुळे हिशेब आणि तंत्र ही दोन खाती एकत्र बसू लागली आहेत. या कामाला फिनऑप्स असं नाव पडलं आहे.

एक साधं गणित करू. महिन्याचे ३० दिवस म्हणजे ७२० तास. एखादा चाचणी-सर्व्हर फक्त ऑफिसच्या वेळेत लागतो, दिवसाचे १० तास, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे २६० तास. तो रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बंद ठेवला, तर ७२० ऐवजी २६० तासांचेच पैसे लागतील, साधारण ३६ टक्के. डिस्कच्या जागेचं भाडं तेवढं चालूच राहतं. घरातला रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायची सवय इथे थेट पैसे वाचवते.

६. सेवेचा करार

पुरवठादार सांगतो, "आमची सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील." आकडा मोठा वाटतो. पण ३० दिवसांच्या महिन्यात ०.१ टक्का म्हणजे सुमारे ४३ मिनिटं सेवा बंद राहिली, तरी करार मोडत नाही. आपलं ॲप अशा तीन वेगवेगळ्या सेवांवर उभं असेल आणि त्या वेगवेगळ्या वेळी बंद पडल्या, तर ही सूट जवळपास २ तास १० मिनिटांवर जाते. म्हणून आपण ग्राहकाला किंवा पेशंटला ९९.९ टक्क्यांचं वचन देण्याआधी खालच्या सगळ्या करारांचा गुणाकार करून बघावा लागतो.

करार मोडला, तर भरपाई म्हणून सहसा बिलात काही टक्के सूट मिळते, आणि तीही मागितल्यावर. त्या दोन तासांत आपलं जे नुकसान झालं, ते भरून मिळत नाही. पूर्वी आयटी प्रमुख दुकानदाराशी भाव करायचा. आता त्याला करार ओळ न ओळ वाचता यायला हवा. माहिती कोणत्या देशात ठेवली जाईल, हेही त्यात बघावं लागतं. पेमेंटची माहिती भारतातच साठवावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१८ पासूनचा आदेश आहे.

७. बॅकअप आणि आपत्तीची तयारी

"क्लाऊडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे," हा समज सर्वांत महाग पडतो. ऑस्ट्रेलियात युनिसुपर नावाचा सहा लाखांहून अधिक सदस्यांचा निवृत्ती फंड आहे. मे २०२४ मध्ये गुगल क्लाऊडवरचं त्यांचं खासगी क्लाऊडचं सबस्क्रिप्शनच पुसलं गेलं. ते उभारताना गुगलकडून एक रकाना रिकामा राहिला होता, त्यामुळे यंत्रणेने त्याला एक वर्षाची मुदत धरली आणि मुदत संपताच सगळं आपोआप काढून टाकलं. माहितीची प्रत दोन ठिकाणी होती, पण दोन्ही त्याच सबस्क्रिप्शनमध्ये असल्यामुळे दोन्ही गेल्या. सदस्यांना आठवड्याहून अधिक काळ आपलं खातं नीट वापरता आलं नाही.

फंड वाचला, कारण त्यांनी वेगळा बॅकअप ठेवला होता, आणि त्यातला एक तर दुसऱ्याच कंपनीकडे होता. एकाच कपाटातल्या दोन झेरॉक्स म्हणजे दोन प्रती नव्हेत. बॅकअप वेगळ्या खात्यात आणि शक्य तर वेगळ्या पुरवठादाराकडे असावा. तो परत उघडून बघण्याची तालीमही अधूनमधून करावी, कारण न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

८. सुरक्षा आणि अमानत

क्लाऊडमध्ये जबाबदारी वाटलेली असते. बँकेच्या लॉकरसारखं समजा. खोलीचा पहारा बँकेचा, पण किल्ली कोणाला दिली, हे तुमचं. डेटा सेंटरची इमारत, वीज, यंत्रं ही पुरवठादाराची जबाबदारी. कोणाला पासवर्ड दिला, कोणती फाईल उघडी ठेवली, नोकरी सोडून गेलेल्याचं खातं बंद केलं की नाही, ही ग्राहकाची.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेची माहिती अशीच बाहेर गेली. बँक ॲमेझॉनचा क्लाऊड वापरत होती. सुरक्षा-भिंतीची मांडणी चुकल्यामुळे अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती एका व्यक्तीच्या हाती लागली. पुढच्या वर्षी अमेरिकन नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला, तो बँकेला.

आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा हेच सांगतो. लोकांची माहिती गोळा करणारी संस्था ती कोणाकडेही सांभाळायला देवो, उत्तर देण्याची जबाबदारी त्या संस्थेचीच. सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या भाषेत यासाठी फार जुना शब्द आहे, अमानत. पेशंटची फाईल, विद्यार्थ्याचा आधार नंबर, शिष्यवृत्तीसाठी दिलेला उत्पन्नाचा दाखला ही सगळी अमानत आहे. दुसऱ्याच्या कपाटात ठेवली म्हणून अमानतदार बदलत नाही.

आपली शिक्षणसंस्था, दवाखाना किंवा ट्रस्ट ऑनलाइन सॉफ्टवेअर घेत असेल, तर पदाधिकाऱ्यांनी आधी चार प्रश्न विचारावेत. माहिती कुठे ठेवली जाते? आमचा वेगळा बॅकअप कुठे आहे? कोणाकोणाला ती उघडता येते? आणि उद्या ही सेवा सोडली, तर आमची माहिती कोणत्या रूपात परत मिळेल?

मग नोकरीचं काय?

रॅकमध्ये सर्व्हर बसवणं, डिस्क बदलणं, टेप सांभाळणं ही कामं ऑफिसांतून कमी होत आहेत. ती डेटा सेंटरमध्ये गेली आहेत आणि तिथे थोडी माणसं पुष्कळ यंत्रं बघतात. पण देखरेख, बदलाची तपासणी, खर्चाचा हिशेब, कराराचं वाचन, बॅकअपची तालीम आणि परवानग्यांचा बंदोबस्त ही कामं ज्या त्या संस्थेकडेच राहतात.

त्यामुळे नुसतं हार्डवेअर शिकून थांबू नका. लिनक्स आणि नेटवर्किंगचा पाया पक्का करा, तो क्लाऊडमध्येही लागतोच. त्यावर पायथनसारखी एक भाषा, कोडच्या नोंदी ठेवणारं गिट आणि कोणताही एक क्लाऊड शिका. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन दोघांचेही मोफत ऑनलाइन धडे आहेत. एनपीटीईएलवर क्लाऊड कॉम्प्युटिंगचा अभ्यासक्रम मोफत पाहता येतो, परीक्षेची फी तेवढी वेगळी. सरावासाठी मोफत खातं उघडलं, तर सर्वांत आधी बिलाची सूचना येण्याची सोय चालू करा, नाहीतर शिकतानाच खिसा रिकामा होईल.

आणि एक गोष्ट मराठी-उर्दू माध्यमातल्या मुलांसाठी. या कामात बोलण्यातल्या इंग्रजीपेक्षा लिहिण्यातली स्पष्टता जास्त लागते. काय घडलं, कधी कळलं, काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, एवढं चार सरळ वाक्यांत लिहिता येणाऱ्या माणसाची गरज प्रत्येक आयटी विभागाला आहे. ही सवय शाळेच्या वहीपासून लावता येते, आणि त्यासाठी कोणताही सर्व्हर लागत नाही.